आवाजाचा सातबारा

लव्हर्न बेकर या शिकागोच्या गायिकेचा एक किस्सा सांगितला जातो. १९५० च्या दशकात तिला ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर जायचं होतं. तेव्हा अमेरिकेतल्या विमानतळांवर त्या एका प्रवासापुरता विमा तिथल्या तिथे काढता यायचा. लव्हर्नने तो काढला आणि नॉमिनीच्या जागी घरच्या कुणाचं नाव न लिहिता जॉर्जिया गिब्स या दुसऱ्याच गायिकेचं नाव लिहिलं. पॉलिसी तिला पाठवून दिली आणि वर कळवलं, की विमान पडलं तर सगळ्यांत जास्त नुकसान तुझंच व्हायचं, मग तू कॉपी कुणाची करणार?

हा खवचटपणा उगाच नव्हता. १९५५ च्या सुरुवातीला लव्हर्नचं 'ट्वीडल डी' हे गाणं चढायला लागलं होतं. तिची कंपनी अटलांटिक तेव्हा लहान होती. गाणं चालतंय म्हटल्यावर मर्क्युरी या मोठ्या कंपनीने तेच गाणं जॉर्जियाकडून गाऊन घेतलं. तेच म्हणजे नुसते शब्द आणि चाल नव्हे. तोच ठेका, वाद्यांचे तेच तुकडे, मागच्या कोरसच्या त्याच जागा. अटलांटिकचा रेकॉर्डिंग इंजिनियर टॉम डाउड पुढे सांगायचा, की मर्क्युरीने चक्क त्यालाही बोलावलं होतं. वादक तेच घेतलेत, आता इंजिनियरही तोच हवा! (अख्खी सिस्टिम जशीच्या तशी उचलायची तर डेव्हऑप्सवालासुद्धा तोच हवा, हे लॉजिक मला व्यावसायिक पातळीवर पटतं.)

जॉर्जिया गोरी, लव्हर्न काळी. देशभरातल्या गोऱ्या रेडिओ स्टेशनांवर जॉर्जियाची रेकॉर्ड वाजली. बिलबोर्डच्या पॉप यादीत लव्हर्न १४ व्या नंबरपर्यंत पोचली, जॉर्जिया दुसऱ्या.

लव्हर्नने मग मिशिगनचे खासदार चार्ल्स डिग्ज यांना पत्र लिहिलं. डिग्ज स्वतः काळे, नुकतेच निवडून आलेले. गाण्याची अख्खी मांडणी जागेला जागा जुळवून उचलण्याला बंदी घालणारा कायदा करा, अशी तिची मागणी होती. तसा कायदा झाला नाही.

या पत्रापाशी थोडं थांबायला हवं. सोल म्युझिक म्हटलं की आपल्या डोक्यात ॲरेथा फ्रँकलिन येते, ओटिस रेडिंग येतो, मार्विन गे येतो. ही सगळी १९६० नंतर चमकलेली मंडळी. त्यांच्या आधी दहा-बारा वर्षं ज्यांनी ही गायकी घडवली, त्यांची नावं आपल्यापर्यंत पोचलीच नाहीत. गाणी पोचली. फक्त दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात. याचं कारण सांगताना बहुतेक जण वंशभेद म्हणतात आणि पुढे जातात. वंशभेद होताच, पण तो कामाला लागायला एक यंत्रणा लागते. ती यंत्रणा कायद्यात होती आणि हिशेबाच्या वहीत होती.

अमेरिकेच्या १९०९ च्या कॉपीराइट कायद्यानुसार एखादं गाणं मालकाच्या परवानगीने एकदा रेकॉर्ड झालं, की पुढे कुणालाही ते पुन्हा रेकॉर्ड करता येतं. परवानगी लागत नाही, प्रत्येक प्रतीमागे ठरलेली फी भरली की झालं. ही फी होती दोन सेंट. महागाई कुठल्या कुठे गेली, पण १९७७ संपेपर्यंत दोन सेंटचे दोन सेंटच राहिले. हे पैसे गीतकार-संगीतकार आणि त्यांच्या प्रकाशकाला. जिने गाणं पहिल्यांदा गायलं तिचा यात संबंध नाही. रेडिओचंही तेच. गाणं रेडिओवर वाजलं की लिहिणाऱ्याला पैसे मिळतात, गाणाऱ्याला नाही. अमेरिकेतल्या साध्या एएम-एफएम रेडिओसाठी हा नियम आजही तसाच आहे. आणि ध्वनिमुद्रण या गोष्टीला तर तिथल्या केंद्रीय कायद्याने १५ फेब्रुवारी १९७२ पर्यंत कॉपीराइटच दिलेला नव्हता.

मग मांडणीचं काय? तो प्रश्न कोर्टात आधीच जाऊन आला होता. पॉला वॉटसन या काळ्या गायिकेचं 'अ लिटल बर्ड टोल्ड मी' १९४८ मध्ये आलं. डेक्का कंपनीने ते एव्हलिन नाइट या गोऱ्या गायिकेकडून त्याच थाटात गाऊन घेतलं आणि ते तुफान चाललं. पॉलाची छोटी कंपनी कॅलिफोर्नियाच्या कोर्टात गेली. १९५० मध्ये निकाल लागला, की अशा मांडणीवर मालकी सांगता येत नाही.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर गाण्याला सातबारा होता, आवाजाला नव्हता. जमीन ज्याने नांगरली, विहीर ज्याने खणली त्याचं नाव कुठल्याच रकान्यात नाही. आणि सोल म्युझिकमध्ये सगळी मशागत आवाजाचीच होती.

मी ज्या धंद्यात आहे तिथे एमआयटी लायसन्स नावाचा प्रकार आहे. दोन-तीन परिच्छेदांचा मजकूर. कोड फुकट घ्या, बदला, विका, अब्जाधीश व्हा. अट एकच, मूळ लेखकाचं नाव लिहिलेली ओळ पुसायची नाही. १९५० च्या दशकातल्या रेकॉर्ड धंद्यात याच्या बरोबर उलट होतं. पैसे (दोन सेंट) द्यावे लागायचे, नाव पुसलं तरी चालायचं.

ही मशागत नेमकी कसली होती, ते बघू. सोल म्हणजे चर्चमधला गळा आणि चर्चबाहेरचा विषय. काळ्या वस्तीतल्या बाप्टिस्ट चर्चमध्ये प्रवचन बोलण्यातून सुरू होतं आणि हळूहळू गाण्यात जातं. प्रवचनकार एक ओळ टाकतो, समोरची मंडळी प्रतिसाद देतात, तो पुन्हा तीच ओळ वरच्या सुरात टाकतो, आवाज फाटतो, त्याची कुणी पर्वा करत नाही. उलट आवाज फाटला की समजायचं, आता मनातून आलं. गॉस्पेलच्या गटांनी हे तंत्र घासून-पुसून तयार केलं. 'सोल स्टिरर्स' या गटातला आर. एच. हॅरिस त्यातला उस्ताद. सूर हलकेच खोट्या आवाजात उचलायचा, ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळायचं, शब्द मोडून त्याच्यावर आलाप घ्यायचा. १९५० मध्ये तो गटातून बाहेर पडला आणि त्याच्या जागी एक विशीतलं पोरगं आलं. सुरुवातीला ते हुबेहूब हॅरिससारखं गायचा प्रयत्न करायचं. त्याचं नाव सॅम कुक. १९५७ मध्ये कुक प्रेमगीतं गायला बाहेर पडला आणि जगप्रसिद्ध झाला. हॅरिस देवाचीच गाणी गात राहिला, त्यामुळे त्याचं नाव गॉस्पेलच्या दर्दी लोकांपुरतंच उरलं.

पण चर्चचा उंबरा कुकच्याही आधी कुणीतरी ओलांडला होता. रे चार्ल्सचं 'आय गॉट अ वुमन' (१९५४) हे सोलचं पहिलं गाणं, असं ठिकठिकाणी लिहिलेलं सापडतं. रे चार्ल्सबद्दल मला काडीचाही अनादर नाही, पण १९५२ चं 'हॅव मर्सी बेबी' ऐका. गट 'बिली वॉर्ड अँड हिज डॉमिनोज', गाणारा क्लाइड मॅकफॅटर, वय १९. गाणं पूर्ण गॉस्पेलच्या ढंगात आहे. तोच धावता ठेका, मागे तसाच प्रतिसाद, दयेची तशीच याचना. फक्त दया मागितलीय ती देवाकडे नाही, प्रेयसीकडे. शेवटाला तर क्लाइड सरळ हुंदके देतो. रिदम अँड ब्लूजच्या यादीत हे गाणं दहा आठवडे पहिल्या नंबरवर होतं.

क्लाइड नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहमचा. वडील प्रवचनकार, आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. त्याचा आवाज उंच, एका अक्षरावर थांबून ते चार-पाच सुरांतून फिरवून आणणारा. आपण याला मुरकी म्हणू, हरकत म्हणू. पण आपल्याकडे हरकत घेणारा गायक सहसा हसतमुख असतो. क्लाइडच्या हरकतीत रडू दाटलेलं असतं. मार्दव आणि कासाविशी एकाच गळ्यात, हे त्याच्याआधी लोकप्रिय संगीतात असं कुणी आणलं नव्हतं, निदान माझ्या ऐकण्यात नाही. पुढे स्मोकी रॉबिन्सनच्या आवाजात तीच जात ओळखू येते.

आणि हे सगळं करताना रेकॉर्डवर त्याचं नाव कुठे होतं? कुठेच नाही. गट बिली वॉर्डच्या मालकीचा. बाकीचे पगारी. आठवड्याला शंभर डॉलर, त्यातून खाण्या-राहण्याचे पैसे कापून. शिस्त मोडली की वर दंड. मंचावर क्लाइडची ओळख कधीकधी 'क्लाइड वॉर्ड' अशी करून दिली जायची, म्हणजे लोकांना वाटावं मालकाचा धाकटा भाऊच गातोय. हे वाचून मराठी वाचकाला 'महल' आठवेल. १९४९ च्या त्या सिनेमातल्या लताबाईंच्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. लताबाईंनी पुढे नावासाठी आणि रॉयल्टीसाठी कसं भांडण मांडलं, ते आपल्याला माहीत आहे. क्लाइडला भांडता आलं नाही. तो गट सोडून गेला.

१९५३ मध्ये अटलांटिकचा अहमत एर्तेगुन एका क्लबात डॉमिनोजचा कार्यक्रम ऐकायला गेला, तर मंचावर क्लाइड नाही. (त्याच्या जागी आलेला नवा मुलगा होता जॅकी विल्सन. बदली खेळाडूसुद्धा पुढे दिग्गज झाला, यावरून त्या गटाचा दर्जा समजावा.) एर्तेगुनने शोधाशोध करून क्लाइडला गाठलं आणि त्याच्यासाठी नवा गट उभारला, 'द ड्रिफ्टर्स'. त्यांचं पहिलंच गाणं 'मनी हनी' अकरा आठवडे अव्वल. या वेळी गटात क्लाइडचा मालकी हिस्सा होता. आता तरी बरं चालणार असं वाटत असतानाच १९५४ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीत त्याला बोलावणं आलं. परत आल्यावर त्याने एकट्याने गायचं ठरवलं आणि ड्रिफ्टर्समधला आपला हिस्सा मॅनेजर जॉर्ज ट्रेडवेलला विकून टाकला.

मला वाटतं, या अख्ख्या गोष्टीत सगळ्यांत महाग पडलेला व्यवहार हाच. कारण हिस्सा विकला म्हणजे काय विकलं? 'ड्रिफ्टर्स' हे नाव. त्या नावाखाली कुणी गायचं, हे आता मॅनेजर ठरवणार. गायक पुन्हा पगारी झाले. १९५८ मध्ये ट्रेडवेलने सगळाच्या सगळा गट काढून टाकला, दुसराच एक गट आणला आणि त्याला ड्रिफ्टर्सचं नाव दिलं. त्या नव्या गटातल्या बेन ई. किंगने पुढे 'स्टँड बाय मी' गायलं. क्लाइडने गमावलेलं नाव पुढे कित्येक वर्षं कार्यक्रम मिळवत राहिलं.

त्याचा स्वतःचा शेवट वाईट झाला. १९५८ चं 'अ लव्हर्स क्वेश्चन' मोठं गाजलं, नंतर हळूहळू गाणी यायची थांबली, दारू वाढली. १९६८ मध्ये तो इंग्लंडला गेला, तिथेही जमलं नाही. १९६९ च्या ऑगस्टमध्ये बिलबोर्डने आपल्या रिदम अँड ब्लूज यादीचं नाव बदलून 'सोल' केलं. ज्या गायकीला आता अधिकृत नाव मिळालं, तिचा एक जन्मदाता तेव्हा परदेशात काम शोधत होता. १९७२ मध्ये तो गेला, तेव्हा ३९ वर्षांचा होता.

दुसरा जन्मदाता तर तोवर गेलेलाच होता. 'फीवर' हे गाणं तुम्ही ऐकलेलं असण्याची शक्यता खूप आहे. पेगी ली, १९५८, नुसता बास, ड्रम आणि चुटक्या. कॉफीशॉपमध्ये लागतं, जाहिरातींत लागतं, रिॲलिटी शोमध्ये पोरी गातात. ते मुळात १९५६ चं, लिटल विली जॉनचं. अर्कान्सात जन्मलेला, डेट्रॉइटमध्ये भावंडांसोबत गॉस्पेल गात वाढलेला, उंची पाच फूट चार इंच, म्हणून 'लिटल'. १ मार्च १९५६ ला सिनसिनाटीच्या किंग रेकॉर्ड्सच्या स्टुडिओत हे गाणं झालं, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. चुटक्या त्यातही आहेत. पण पेगीच्या गाण्यात ताप हा खेळ आहे, दुरून बघितलेला. विलीच्या गाण्यात तो खरंच अंगात आहे. मागे खर्जातले सॅक्सोफोन घुमतायत आणि वरून हा कोवळा, धारदार आवाज, वाक्याच्या शेवटी किंचित कळवळणारा. दोन्ही लागोपाठ ऐकून बघा. मला पेगीचं आवडतं. विलीचं ऐकल्यावर मात्र तिचं फार शहाणं वाटायला लागतं.

या एकाच गाण्यात श्रेयाचा किती गुंता आहे बघा. गीतकार ओटिस ब्लॅकवेल (एल्विसचं 'डोन्ट बी क्रूएल' लिहिणारा) दुसऱ्या कंपनीशी करारात अडकलेला, म्हणून त्याने 'जॉन डॅव्हनपोर्ट' हे खोटं नाव लावलं. सोबतचा गीतकार एडी कूली. पेगीने तिच्या आवृत्तीत रोमिओ-ज्युलिएट वगैरेंची नवीन कडवी घातली. त्यांचं श्रेय तिलाही मिळालं नाही. तरी ती पेगी ली होती, तिला 'फीवर'ची ओळख मिळाली. विलीला 'मूळ गायक' हा कंसातला उल्लेख मिळाला.

आणि तो काही एका गाण्याचा धनी नव्हता. 'नीड युअर लव्ह सो बॅड', 'टॉक टू मी, टॉक टू मी'. पहिलं ब्रिटनमध्ये १९६८ मध्ये फ्लीटवुड मॅकने गायलं आणि तिथल्या पिढीला ते त्यांचंच वाटलं. १९५९ मध्ये जेम्स ब्राउन हार्लेमच्या अपोलो थिएटरमध्ये गायला उभा राहिला, तेव्हा जाहिरातीत मोठ्या अक्षरातलं नाव विलीचं होतं, ब्राउन त्याच्या आधी गाऊन जाणारा.

विलीला मी संत ठरवणार नाही. तो तापट होता, प्यायचा. १९६४ मध्ये सिॲटलमधल्या एका पार्टीत मारामारी झाली, त्यात एक माणूस मारला गेला, आणि सदोष मनुष्यवधाच्या आरोपात विली दोषी ठरला. अपील चालू असताना १९६६ च्या सुरुवातीला तो बाहेर होता. त्या थोड्या दिवसांत कॅपिटल कंपनीने त्याचा एक अल्बम रेकॉर्ड केला. पण किंगने आपला जुना करार अजून लागू आहे असा हक्क सांगितला आणि अल्बम कपाटात गेला. विली वॉशिंग्टन राज्यातल्या वॉला वॉलाच्या तुरुंगात गेला. २६ मे १९६८ ला तिथेच वारला. कागदोपत्री कारण हृदयविकाराचा झटका, वय ३०. त्याच वर्षी जेम्स ब्राउनने त्याच्या आठवणीत अख्खा अल्बम काढला आणि अल्बमच्या नावातच विलीचं नाव घातलं. कपाटातला अल्बम बाहेर आला २००८ मध्ये. करार, दावे, वकील, सगळं चाळीस वर्षं पुरलं.

इथे कुणी म्हणेल, की मग या लोकांनी स्वतःची गाणी स्वतः लिहायची. गाण्याला सातबारा आहे ना? आर्थर अलेक्झांडरने तेच केलं. अलाबामातल्या शेफील्डचा हा तरुण हॉटेलात सामान उचलण्याचं काम करायचा. तंबाखूच्या जुन्या गोदामात थाटलेल्या रिक हॉलच्या स्टुडिओत त्याने स्वतः लिहिलेलं 'यू बेटर मूव्ह ऑन' रेकॉर्ड केलं. १९६२ मध्ये ते पॉप यादीत २४ व्या नंबरपर्यंत गेलं. मसल शोल्स नावाच्या त्या गावातून बाहेर पडलेलं हे पहिलं हिट. त्याच्या कमाईतून हॉलने नवा स्टुडिओ बांधला, जिथे पुढे १९६७ मध्ये ॲरेथा फ्रँकलिन येऊन गायली. सोलच्या इतिहासातली एक मोठी वास्तू आर्थरच्या गाण्यावर उभी आहे, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

त्याच्या गळ्यात क्लाइडची चढाई नाही. तो शांत, पडेल आवाजात गातो, हरलेला माणूस सभ्यपणे बोलतो तसा. बीटल्सच्या पहिल्या अल्बमवर जॉन लेननने गायलेलं 'ॲना' आर्थरचं. 'यू बेटर मूव्ह ऑन' रोलिंग स्टोन्सने गायलं. १९८८ मध्ये बॉब डिलनने त्याचं 'सॅली सू ब्राउन' गायलं. बीटल्स, स्टोन्स आणि डिलन, तिघांनीही ज्याची गाणी रेकॉर्ड केली असा गीतकार शोधू गेलं तर हाच सापडतो. आणि १९८० च्या दशकात हा माणूस क्लीव्हलंडमध्ये एका समाजसेवी केंद्राची बस चालवत होता. लिहिणारा असूनही पैसे झिरपत झिरपत मध्येच कुठेतरी मुरले. १९९३ च्या मार्चमध्ये त्याचा पुनरागमनाचा अल्बम आला, कौतुक झालं. जूनमध्ये हृदयविकाराने तो गेला.

बसवरून आठवलं. रूथ ब्राउनही बस चालवायची, शाळेची. लोकांच्या घरी धुण्याभांड्याचंही काम केलं. आणि ही बाई कोण? अटलांटिक कंपनीला लोक गमतीने 'रूथने बांधलेलं घर' म्हणायचे. १९४८ मध्ये न्यूयॉर्कला निघालेली असताना मोटार अपघातात तिचे पाय चिरडले. अटलांटिकचा करार तिने पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टरच्या इस्पितळात खाटेवर पडून सही केला. मग १९५० चं 'टियरड्रॉप्स फ्रॉम माय आइज' अकरा आठवडे अव्वल, १९५३ चं 'मामा, ही ट्रीट्स युअर डॉटर मीन' अव्वल. सूर वर जाताना तिचा आवाज एकदम किंचाळीसारखा चिरकायचा आणि तीच तिची सही होती.

पैसे का नाही आले? इथे हिशेबाची वही येते. गायिकेला रॉयल्टी ठरलेली असते, पण आधी त्यातून स्टुडिओचं भाडं, वादकांची बिदागी, दिलेली उचल, सगळं वळतं करायचं. ऊसतोड मुकादमाची उचल जशी फिटतच नाही, तसं. रूथने अनेक वर्षांनी चौकशी केली, तेव्हा कळलं की कंपनीच्या वहीत उलट तीच देणेकरी आहे. पन्नाशी उलटलेली बाई, मंचावर जेमतेम परतलेली. हॉवेल बेगल नावाचा वकील तिचा चाहता निघाला. त्याने जुने करार, जुने हिशेब उकरायला सुरुवात केली, आणि लक्षात आलं की हे एकट्या रूथचं नाही. मग भांडण सगळ्यांसाठी झालं. १९८८ मध्ये अटलांटिकने तिचं आणि तिच्या काळातल्या आणखी ३५ कलावंतांचं वहीवरचं कर्ज माफ केलं, मागच्या २० वर्षांची रॉयल्टी द्यायचं मान्य केलं आणि 'रिदम अँड ब्लूज फाउंडेशन' सुरू करायला पैसेही दिले. ही संस्था जुन्या गायक-वादकांना मदत करते.

त्याच वर्षी रूथ जॉन वॉटर्सच्या 'हेअरस्प्रे' सिनेमात दिसली. पुढच्या वर्षी ब्रॉडवेच्या 'ब्लॅक अँड ब्लू'साठी तिला टोनी मिळालं. साठी ओलांडल्यावर.

आणि तिने ते नाटक सोडलं, तेव्हा तिच्या जागी कोण आलं? लव्हर्न बेकर. विम्याची पॉलिसी पाठवणारी. १९६० च्या दशकात व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैनिकांपुढे गायला गेली असताना ती आजारी पडली आणि बरी होऊन फिलिपिन्समधल्या सुबिक बेच्या नौदल तळावर थांबली ती जवळजवळ वीस वर्षं. सैनिकांच्या क्लबात करमणुकीचे कार्यक्रम बघायची नोकरी. १९८८ मध्ये अटलांटिकच्या चाळिशीच्या समारंभाला ती अमेरिकेत परतली, आणि दोन वर्षांनी ब्रॉडवेवर रूथच्या भूमिकेत उभी राहिली.

ॲरेथाची थोरली बहीण अर्मा फ्रँकलिन हिच्या वाट्याला एवढंही आलं नाही. 'पीस ऑफ माय हार्ट' तिने १९६७ मध्ये गायलं, वर्षभरात जॅनिस जॉप्लिनने ते आपलं करून टाकलं. अर्मा डेट्रॉइटमध्ये मुलांसाठीच्या एका संस्थेत नोकरी करत राहिली. १९९२ मध्ये लिव्हाइसच्या जाहिरातीत तिचा आवाज वाजला आणि पंचवीस वर्षांनी ते गाणं ब्रिटनच्या पहिल्या दहात गेलं.

हे सगळे आवाज आज मोबाइलवर दोन सेकंदांत सापडतात. शोधताना गाण्याच्या नावासोबत गाणाऱ्याचं नाव टाका, नाहीतर कव्हर आधी येईल. सुरुवात 'हॅव मर्सी बेबी'पासून करा आणि हेडफोन लावूनच करा, फोनच्या स्पीकरवर त्यातले हुंदके कळत नाहीत.

क्लाइड मॅकफॅटरचा आवाज मात्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लहानपणीच ऐकलेला आहे. 'होम अलोन'मध्ये एकटा पडलेला केविन आंघोळ करून आरशासमोर उभा राहतो, कंगवा माइकसारखा धरतो आणि 'व्हाइट ख्रिसमस'वर ओठ हलवतो. ते ड्रिफ्टर्सचं १९५४ चं रेकॉर्डिंग. खालचा जाड आवाज बिल पिंकनीचा, आणि मग एकदम वर उसळी मारून येतो तो क्लाइड. डिसेंबर लागला की अमेरिकेतल्या रेडिओवर ते हमखास वाजतं. वाजलं की पैसे जातात ते गीतकार अर्विंग बर्लिनच्या वारसांकडे.